रँसच्या क्लिकोबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून समितीची मंडळी दोनदा घरी येऊन गेली. मी आयुष्यभर जमाखर्च लिहिला, लेख कधी लिहिला नाही. त्यातून पाण्याच्या टाकीचा इतिहास एकाने घेतला, पहिल्या गणेशोत्सवाच्या आठवणी दुसरीने घेतल्या. मग मी ठरवलं, आपण एका परक्या बाईंची गोष्ट सांगू. बाई फ्रान्सच्या, आणि धंदा शॅम्पेनचा. कुणी भुवया उंचावू नयेत. आमच्या घरात कोकम सरबताच्या पुढे कुणी जात नाही. पण गोष्ट दारूची नाहीच मुळी, एका शब्दाची आहे.

झालं असं, की माझ्या मुलीला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा कुणीतरी तिला पिवळ्या लेबलची एक बाटली भेट दिली. ती तशीच शोकेसमध्ये उभी होती. नात फ्रेंच शिकते. तिने एक दिवस लेबलावरचं नाव वाचलं, व्हव क्लिको पोंसार्दां, आणि म्हणाली की आजी, यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ विधवा. मला आधी खरंच वाटेना. विधवा? बाटलीवर? तेही लग्नात, वाढदिवसाला, जहाज पाण्यात सोडताना जी उघडतात त्या बाटलीवर?

माझे यजमान गेले तेव्हा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर झालं, तरी पुढची कितीतरी वर्षं दुरुस्तीचं, वर्गणीचं, मतदानाचं सगळं लोक त्यालाच विचारायचे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझ्यासमोर उभं राहून माझ्या घराबद्दल माझ्या मुलाशी बोलायचे, एवढंच. आणि मीही गप्प राहायची, त्याचा दोष माझाच. म्हणून त्या लेबलाने मला धरून ठेवलं. नातीच्या मदतीने मिळेल ते वाचलं, ते इथे सांगते.

बार्ब-निकोल पोंसार्दां हिचा जन्म 16 डिसेंबर 1777 चा, रँस शहरातला. पॅरिसपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, ईशान्येला हे शहर आहे. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक इथल्याच मोठ्या चर्चमध्ये होत. वडील कापडाचे बडे कारखानदार, राजकारणात मुरलेले. मुलगी अकरा वर्षांची असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. श्रीमंतांच्या घरावर मोर्चे यायला लागले, तेव्हा कॉन्व्हेंटच्या शाळेतून तिला गरीब घरातल्या मुलीचे कपडे घालून गुपचूप बाहेर काढलं, असं सांगतात. वडिलांनी वारा ओळखला आणि क्रांतीच्या बाजूने उभे राहिले. पुढे नेपोलियन आला तर त्याच्याही मर्जीत बसले, शहराचे महापौर झाले, सरदारकीही मिळवली. म्हणजे कुठल्या पावसात कुठली छत्री उघडायची, हे पोरीने घरातच पाहिलं होतं.

1798 साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिको या तरुणाशी झालं. त्याचे वडीलही कापडवालेच. धर्मविधींवर तेव्हा सक्त नजर होती, त्यामुळे लग्न एका तळघरात लागलं असं म्हणतात. पुढचं आयुष्य तळघरातच जायचं होतं, तेव्हा मुहूर्त बरोबर जागी लागला म्हणायचा. पुढच्या वर्षी मुलगी झाली, क्लेमांतीन. सासऱ्यांनी 1772 पासून कापडाच्या जोडीला थोडा वाइनचा व्यापार ठेवला होता. फ्रांस्वाच्या मनात मात्र वाइनच मोठी करायची होती. नवराबायको दोघं द्राक्षमळ्यांतून हिंडत, शिकत.

इथे जरा त्या मातीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शॅम्पेन हे मुळात त्या प्रांताचं नाव. द्राक्ष जिथे जेमतेम पिकतं अशा थंडीच्या टोकाला तो आहे. जमिनीखाली पांढरा खडू, शाळेत फळ्यावर वापरतो तसलाच दगड. तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि वेलाला हळूहळू देतो. मुख्य द्राक्षं तीन: शार्दोने ही पांढरी, पिनो न्वार आणि मनिए या दोन काळ्या. काळ्या द्राक्षांतून पांढरी वाइन कशी निघते? रंग सालीत असतो, गरात नसतो. द्राक्षं हाताने तोडायची आणि हलक्या दाबाने लगेच पिळायची, म्हणजे रस स्वच्छ येतो.

आता बुडबुडे. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, आणि ऊन लागलं की भांड्याबाहेर येतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तिथे तेच होई. शरद ऋतूत रस आंबायला लागे, हिवाळ्यात थंडीने यीस्ट झोपी जाई, लोकांना वाटे काम संपलं, बाटल्या भरत. वसंतात ऊब आली की यीस्ट जागं होई, उरलेली साखर खाई, आणि बंद बाटलीत वायू कोंडे. आधी लोक याला खोट समजत. पुढे श्रीमंतांना त्या फेसाची गोडी लागली आणि मग मुद्दाम बाटलीत साखर-यीस्ट देऊन दुसऱ्यांदा आंबवायची रीत बसली. पण बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. काच तेव्हा कच्ची. एक फुटली की शेजारच्या फुटत. वाईट वर्षी निम्म्याहून जास्त माल तळघराच्या फरशीवर वाहून जाई. कामगार तोंडाला लोखंडी जाळीचे मुखवटे बांधून आत उतरत. असला हा धंदा.

ऑक्टोबर 1805 मध्ये फ्रांस्वा तापाने गेला. बार्ब-निकोल सत्तावीस वर्षांची, मुलगी सहा वर्षांची. सासरे खचले, वाइनचा धंदा बंद करतो म्हणाले. युरोपात लढाया पेटलेल्या, बंदरं बंद, उधारी अडकलेली. बंद करणं शहाणपणाचंच होतं.

आता कायदा पाहा. नेपोलियनची नवी संहिता 1804 ची. तिच्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यापार करू शकत नव्हती. मुलगी बापाच्या हाताखाली, बायको नवऱ्याच्या. विधवा मात्र मोकळी. ती स्वतःच्या नावाने करार करू शके, मालमत्ता ठेवू शके, धंदा चालवू शके. म्हणजे ज्या शब्दाने बाईचं सगळं गेलं असं आपण म्हणतो, त्या एकाच शब्दाने तिथे सहीचा हक्क मिळत होता. क्लिकोबाईंनी (आता मी त्यांना बाईच म्हणते) हे नेमकं ओळखलं. त्या सासऱ्यांकडे गेल्या आणि स्वतःच्या वाट्याचा पैसा लावून धंदा चालवायची परवानगी मागितली.

सासऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. पण आंधळा विश्वासही टाकला नाही. अट घातली, की आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायचं. अलेक्सांद्र फूर्नो नावाच्या अनुभवी वाइनवाल्याबरोबर भागीदारी झाली. चार वर्षं बाईंनी मन लावून काम शिकलं. भागीदारीत पैसा मात्र सुटला नाही. मुदत संपल्यावर फूर्नो बाजूला झाले. सासऱ्यांनी पुन्हा मदत केली आणि 1810 मध्ये पेढी बाईंच्या एकटीच्या नावावर उभी राहिली: व्हव क्लिको पोंसार्दां. विधवा, सासरचं नाव, माहेरचं नाव. तिन्ही.

नंतरची तीन-चार वर्षं कुणाला सांगू नयेत अशी. माल आहे, गिऱ्हाईक नाही. लुई बोन नावाचा एक फिरता विक्रेता नवऱ्याच्या वेळेपासून होता. तो बर्फातून, युद्धातून, परक्या देशांतून ऑर्डरी गोळा करत हिंडायचा आणि बाईंना पत्रं लिहायचा. रशियात मागणी आहे हे त्याला ठाऊक होतं. पण नेपोलियन रशियावर चालून गेला आणि तोही दरवाजा बंद झाला. 1811 साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, कित्येक महिने. त्या वर्षी द्राक्षाचं पीक असं आलं की लोकांनी त्या वाइनला धूमकेतूची वाइन म्हटलं. बाईंनी ती बाटल्यांत भरून खडूच्या तळघरात ठेवून दिली. बाजार बंद असताना उत्तम माल साठवायचा, याला छाती लागते. हिशेब लिहिणारी म्हणून सांगते, कागदावर ते वर्ष बघून मी तरी झोपले नसते.

1814 च्या सुरुवातीला युद्ध रँसच्या दारात आलं. रशियन आणि प्रशियन सैनिक शहरात शिरले. बाईंनी तळघरांची तोंडं भिंत बांधून बंद केली. जे बाहेर राहिलं ते सैनिक प्यायले. आज फुकट पिणारे उद्या विकत मागतील, असा त्यांचा अंदाज होता म्हणतात. तो खरा ठरला.

एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली. व्यापार अजून रीतसर खुला झाला नव्हता. बाकीचे व्यापारी हुकमाची वाट पाहत बसले. बाईंनी वाट पाहिली नाही. बोनशी गुपचूप बेत ठरवून एक डच जहाज भाड्याने घेतलं आणि 10,550 बाटल्या, बहुतेक त्याच धूमकेतूच्या वर्षाच्या, बाल्टिक समुद्रातल्या कोनिग्सबर्ग बंदराकडे रवाना केल्या. भर उन्हाळा. वाटेत बाटल्या फुटल्या असत्या, साका हलला असता, जहाज जप्त झालं असतं, तर पेढी संपली होती. जहाज पोचलं. बाटल्या शाबूत, वाइन स्वच्छ. लोकांनी धक्क्यावरच गर्दी केली आणि बोनने चढा भाव घेतला. पाठोपाठ 12,780 बाटल्यांचं दुसरं जहाज सेंट पीटर्सबर्गकडे निघालं. प्रतिस्पर्धी जागे होईपर्यंत रशियात बाईंचं नाव घरोघर झालं होतं. त्या वेळी त्या छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि स्वतः रशियाला कधी गेल्याच नाहीत.

मागणी आली तशी नवी अडचण आली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी साठतं, तोच साका. बाटली हलली की वाइन गढूळ. तो काढायचा तर एका बाटलीतून दुसरीत ओतायचं. त्यात वायू जायचा, वाइन वाया जायची, वेळ लागायचा तो वेगळाच. हजारो बाटल्यांची ऑर्डर अशी कशी पुरी करणार?

1816 च्या सुमारास बाईंनी आणि त्यांचा तळघरप्रमुख आंत्वान म्युलर याने वेगळा उपाय काढला. बाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेऊन त्याला भोकं पाडून घेतली असं सांगतात. भोकात बाटली मानेने उलटी अडकवायची. रोज थोडी फिरवायची, हलका हिसका द्यायचा. काही आठवड्यांत सगळा साका घसरत बुचापाशी येतो. मग बूच उघडलं की आतल्या दाबाने साका आपोआप उडून जातो. कमी झालेली जागा वाइन आणि साखरेच्या पाकाने भरायची, नवं बूच ठोकायचं. झालं. पुढे म्युलरने भोकं तिरपी पाडून काम आणखी सोपं केलं. श्रेय कुणाला किती यावर वाद आहेत. मला वाटतं, मालकीणबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या नसत्या तर म्युलरचं कुणी ऐकलं नसतं, आणि म्युलर नसता तर ते नीट बसलं नसतं. काही वर्षं हे गुपित तळघराबाहेर गेलं नाही. शेजारची पेढी विचारात पडायची, की या बाई इतकी स्वच्छ वाइन इतक्या लवकर देतात तरी कशी! आज यंत्रं आली आहेत, पण साका मानेत उतरवायची रीत तीच आहे.

1818 मध्ये त्यांनी बूझी गावच्या लाल वाइनचा थोडा भाग पांढरीत मिसळून गुलाबी शॅम्पेन केली. तोपर्यंत गुलाबी रंगासाठी एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस वगैरे घालत. बाईंना ते पटत नव्हतं.

सगळं चढतंच गेलं असं नाही. त्यांनी बँकेच्या व्यवहारात पाय टाकला आणि तो घसरला. 1828 च्या सुमारास पॅरिसची एक बँक बुडाली, ठेवीदार दारात आले. एदुआर्द वेर्ले नावाचा एक तरुण 1821 पासून पेढीत होता, साधा शिकाऊ म्हणून आलेला जर्मन मुलगा. त्याने स्वतःची मालमत्ता पणाला लावून पेढी वाचवली. 1831 मध्ये बाईंनी त्याला भागीदार केलं आणि 1841 मध्ये कारभार त्याच्या हाती सोपवला. तो पुढे शहराचा महापौरही झाला.

आणि इथे मला एक गोष्ट टोचते. एकुलत्या एका लेकीला बाईंनी धंद्यात घेतलं नाही. क्लेमांतीनचं लग्न 1817 मध्ये एका काउंटशी लावून दिलं. जावई हौशी, कविता करणारा आणि पैसा उधळणारा. बाई त्याची बिलं भागवत राहिल्या. बूर्सो गावी मोठा वाडा बांधला. पेढीची किल्ली मात्र वेर्लेला दिली. लेकीचं तेव्हा लग्न झालेलं होतं. पेढी तिला दिली असती तर कायद्याने ती जावयाच्या हातात गेली असती, हे बाईंना कळत असणार. त्याच कारणाने त्यांनी स्वतःही पुन्हा लग्न केलं नाही, असं अनेकजण मानतात. स्वतःला मिळालेली मोकळीक त्या लेकीला देऊ शकल्या नाहीत. थोर बाईंचं आयुष्य लिहिताना हेही लिहायला हवं.

29 जुलै 1866 ला बूर्सोच्या वाड्यात बाई गेल्या, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. तोवर लाखो बाटल्या दरवर्षी बाहेर जात होत्या. रशियात तर गिऱ्हाईक नुसतं क्लिको मागायचं.

त्यांच्या मागे त्या प्रांतात बरंच घडलं. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेली मारल्या. बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकणारे निघाले, आणि 1911 मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी दंगे केले, तळघरं फोडली. त्यातून नियम आले. गावांना टक्के ठरले. ज्या गावाच्या द्राक्षाला पूर्ण शंभर टक्के भाव ते ग्रां क्रू, त्याच्या खालचं प्रेमिए क्रू. अशी शंभर टक्क्यांची गावं शेवटी सतरा झाली. टक्क्यांवर भाव ठरवणं आता बंद झालंय, पण मानाची नावं राहिली. बूझी, व्हेर्झने ही बाईंच्या पेढीच्या मळ्यांची गावं त्या सतरांत आहेत. 1936 मध्ये नावाला कायद्याचं पक्कं कुंपण पडलं. त्या प्रांतातलीच द्राक्षं, बाटलीतच दुसरं आंबवणं. साधी शॅम्पेनही बाटलीत भरल्यावर किमान पंधरा महिने ठेवायची, एकाच वर्षाच्या पिकाची असेल तर तीन वर्षं.

2010 साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ बुडालेल्या एका जहाजात शॅम्पेनच्या 168 बाटल्या सापडल्या. त्यात बाईंच्या पेढीच्याही होत्या, त्यांच्या हयातीतल्या. तज्ज्ञांनी चाखून पाहिलं, वाइन टिकली होती. लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे आजच्या कोल्ड्रिंकपेक्षा गोड! तेव्हाची आवड तशी. आज ब्रूत म्हणून जी विकतात तिच्यात बारा ग्रॅमपेक्षा कमी असते.

आपल्यापाशी येऊन पोचणारा एक धागाही आहे. बाईंची पेढी आज ज्या फ्रेंच उद्योगसमूहाकडे आहे, त्याच समूहाने नाशिकजवळ दिंडोरीला फेसाळ वाइनचा कारखाना काढला. 2013 पासून तिथली वाइन बाजारात आहे. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची, साका मानेत उतरवायची, सगळी रीत तीच. फक्त तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, कारण ते नाव त्या खडूच्या जमिनीचं आहे. दिंडोरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला द्राक्षबागा दिसल्या की मला आता भोकं पाडलेलं टेबल आठवतं.

1972 मध्ये पेढीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा बाईंच्या स्मरणार्थ उद्योजक स्त्रियांसाठी एक पुरस्कार सुरू झाला. तो अजून देतात. पण माझ्या मते खरा पुरस्कार ते लेबलच आहे. ज्या शब्दाची इतरांना अडचण वाटली असती, तो त्यांनी नावाच्या सुरुवातीला घातला आणि गुणवत्तेची खूण करून टाकला.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिल्या दिवशीच्या यादीतली काही नावं आज नाहीत. कितीतरी सर्टिफिकेटांवर आता त्यांच्या पत्नींचं नाव आहे. माझं आहे, तुमच्या मजल्यावरही कुणाचं असेल. दोन वर्षांपूर्वी मी सर्वसाधारण सभेत पहिल्यांदा उभी राहून लिफ्टच्या खर्चाबद्दल विचारलं, तेव्हा माझाच आवाज मला अनोळखी वाटला होता. आता वाटत नाही. यंदा हिशेब तपासायच्या कामात मी आहे. माझी एवढीच विनंती, की पुढच्या सभेची नोटीस घेऊन याल तेव्हा मुलगा घरात आहे का असं विचारू नका. घरमालकीण दारातच उभी असते.

सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. संध्याकाळच्या कार्यक्रमात कोकम सरबत आमच्याकडून.